एच.आय.व्ही. : विषाणूचा उगम आणि कलंकाचा प्रवास

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख देण्याचा आग्रह झाला तेव्हा संपादक मंडळाची अपेक्षा लसीकरण किंवा बालकांचा आहार अशा विषयाची होती. मी एच.आय.व्ही.चे नाव काढले आणि बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ सदस्य सौम्यपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, स्मरणिका घरोघरी जाते. बायका-मुले वाचतात." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. परंतु माझ्या बालरोग विभागात या आजाराने मी जी मुले पाहिली, ती याच वाक्याच्या सावलीत जन्मली होती. ज्या विषयाचे नाव घरात काढायचे नाही, त्याची तपासणी तरी घरातली सून कशी करून घेणार? म्हणून हाच विषय निवडला.

प्रथम उगमाविषयी, कारण कलंकाची पहिली वीट तिथेच रचली गेली. हा विषाणू माकडांपासून आला, असे ऐकताच लोकांच्या मनात नको त्या कल्पना येतात. वस्तुस्थिती साधी आहे. मध्य आफ्रिकेतील कॅमेरूनच्या आग्नेय भागात चिंपांझींमध्ये याच जातीचा विषाणू आढळतो. शिकार करताना, मांस कापताना जनावराचे रक्त माणसाच्या जखमेत गेले आणि विषाणूने यजमान बदलला, असे शास्त्रज्ञ मानतात. विषाणूच्या जनुकीय रचनेतील बदलांचे गणित मांडून हा काळ विसाव्या शतकाच्या आरंभाचा ठरविण्यात आला आहे. पश्चिम आफ्रिकेतील दुसरा प्रकार, म्हणजे एच.आय.व्ही.-२, हा मँगाबे नावाच्या वानरापासून आला. कुत्र्यापासून रेबीज होतो, उंदरांवरील पिसवांपासून प्लेग होतो. पण रेबीज झालेल्या माणसाच्या चारित्र्याची चौकशी कोणी करीत नाही.

कॅमेरूनच्या जंगलातून हा विषाणू नदीमार्गे आजच्या किन्शासा शहरात पोहोचला. बेल्जियमच्या राजवटीत तिथे रेल्वे आली, खाणी आल्या, बायकामुलांना गावी ठेवून हजारो मजूर आले. जोडीला वसाहतीच्या आरोग्य मोहिमा होत्या. त्यांत एकच सुई अनेकांना टोचली जाई, आणि प्रसाराला त्याचाही हातभार लागला असावा असे अनेक संशोधकांना वाटते. याच शहरात १९५९ साली घेतलेल्या एका रक्तनमुन्यात पुढे हा विषाणू सापडला. म्हणजे जगाला रोगाचे नाव कळण्याआधी दोन दशकांहून अधिक काळ तो माणसांत वावरत होता.

सुईचा उल्लेख मुद्दाम केला. २०१९ साली पाकिस्तानातील सिंध प्रांतात रातोदेरो येथे काही महिन्यांतच शेकडो मुले बाधित आढळली. बहुतेक पाच वर्षांखालील होती आणि त्यांपैकी अनेकांच्या आयांना संसर्ग नव्हता. वापरलेल्या सुया पुन्हा वापरणे, हे तिथले मुख्य कारण ठरले. आपल्या तापीकाठीही 'सुई दिली नाही तर डॉक्टर कसला' अशी समजूत अजून गेलेली नाही. साध्या सर्दीला इंजेक्शन मागणारे आजोबा मला आठवड्यातून एकदा तरी भेटतात, आणि मी नकार दिला की ते ज्याच्याकडे जातात त्याच्याकडची सुई नवी असते की नाही, मी सांगू शकत नाही.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. ते पाचही समलिंगी होते, आणि तेवढ्यावरून रोगाला समलिंगींचा रोग म्हणण्यात आले. १९८२ मध्ये एड्स हे नाव आले, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला आणि त्या शोधासाठी फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञान इतक्या वेगाने धावत असताना समाज कुठे होता? इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या हिमोफिलियाग्रस्त मुलाला रक्तघटकांतून संसर्ग झाला होता. १९८५ मध्ये त्याला शाळेने प्रवेश नाकारला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत चारित्र्याचा प्रश्न उद्भवतच नव्हता. तरीही भीती तीच होती.

भारतातील पहिल्या निदानाशी एका मराठी घराचे नाव जोडलेले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या सुनीती, विवाहानंतर डॉ. सुनीती सॉलोमन, मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. आपल्यासारखेच परप्रांतात रुजलेले ते मराठी घर. १९८५ च्या अखेरीस त्यांनी निर्मला सेलप्पन या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हा विषय सुचवला. त्या काळी वृत्तपत्रांपासून वैद्यकीय वर्तुळापर्यंत समज एकच होता : हा स्वैराचारी पाश्चात्त्यांचा रोग, आपल्या संस्कृतीत तो येणे नाही. निर्मलाबाईंनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे नमुने गोळा केले, काही काळ ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि वेल्लोरला नेऊन तपासले. सहा नमुने बाधित निघाले. अमेरिकेतील फेरतपासणीत तेच सिद्ध झाले आणि १९८६ च्या मे महिन्यात तमिळनाडूच्या विधानसभेत ही गोष्ट जाहीर झाली.

संस्कृतीचे कवच तिथे फुटले, पण त्यातून काय शिकलो? ज्या स्त्रियांचे रक्त तपासले त्यांच्यात रोग सापडला, म्हणून त्याच रोगाचे मूळ ठरल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांचे रक्त त्या वेळी कोणी मागितले नव्हते. जिची तपासणी आधी तीच दोषी, हा न्याय तेव्हा सुरू झाला आणि प्रसूतिपूर्व तपासणीच्या खोलीत तो आजही चालतो. सॉलोमन यांनी १९९३ मध्ये वाय.आर.जी. केअर हे केंद्र उभारले. त्या नावातील 'जी' म्हणजे गायतोंडे. तिथे उपचारांच्या जोडीने बाधित तरुण-तरुणींची लग्नेही जुळवली जात. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

दुसरी घटना गोव्याची. म्हापशाजवळच्या पर्रा गावातील डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदाता होता. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला पोलिसांकरवी बोलावून रुग्णालयात नेले आणि तिथून जुन्या क्षयरोग्यांच्या ओसाड इमारतीत पहाऱ्याखाली ठेवले. कोणत्या कारणासाठी, हेही त्याला धड सांगितले नाही. गोव्याच्या तत्कालीन आरोग्य कायद्यात बाधिताला अलग ठेवण्याची तरतूद होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. तो ६४ दिवस कोंडलेला होता. सुटल्यावर नोकरी उरली नाही. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. रक्तदान करणाऱ्याला ही वागणूक मिळाली, हे गावोगाव पोहोचले असेल तर पुढे तपासणीला कोण आपणहून आले असेल?

आता माझी स्वतःची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चूक मात्र बदललेली नाही. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. चौदा महिन्यांचे, जेमतेम सहा किलोचे एक बाळ दाखल झाले. महिनाभर जुलाब, तोंडभर बुरशीचे पांढरे थर, मानेत गाठी. तपासणी बाधित आली. दीड वर्षापर्यंत बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे त्या वयातील साध्या चाचणीने निदान पक्के होत नाही. पण बाळाची लक्षणे बोलकी होती, आणि काहीही असले तरी त्या चाचणीने आईचे निदान झालेच होते. केसपेपरवर कोणीतरी लाल शाईने मोठी अक्षरे लिहिली. खाट व्हरांड्याच्या टोकाला गेली. वाढणाऱ्या मावशी ताट लांबून सरकवू लागल्या. हे सारे मी पाहत होतो आणि त्यात मला काही वावगे वाटत नव्हते.

तिसऱ्या दिवशी बाळाच्या आजोबांनी मला जिन्यात गाठले. "साहेब, नेमकं झालंय काय, आम्हाला कोणी सांगत नाही." चोवीस तासांची ड्यूटी संपत आली होती, मी उभ्या उभ्या सांगून टाकले. आईला विचारले नव्हते. तिला स्वतःला नीट सांगितलेही नव्हते. संध्याकाळी सासरची सारी मंडळी निघून गेली. बाळाच्या वडिलांचे रक्त द्यायचे राहिले ते राहिलेच, त्यामुळे गावात एकच पुरावा पोहोचला, तो तिच्याविरुद्धचा. सून पांढऱ्या पायाची, रोग तिनेच आणला. चार दिवसांनी ती बाळाला घेऊन सही करून निघून गेली. कुठे गेली ते कळले नाही. तोपर्यंत मी एड्सवर दोन परीक्षांत उत्तम गुण मिळवले होते.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने या आजाराचे हेच वेगळेपण आहे. मुलाची तपासणी ही आईची तपासणी असते आणि आईची तपासणी ही सबंध घराची. कागदावर एक नाव असते. उघडे तिघे पडतात.

वास्तविक मातेकडून बाळाला होणारा संसर्ग हा आज सर्वांत खात्रीने टाळता येणारा संसर्ग आहे. काहीच उपाय केले नाहीत तर बाधित मातेच्या १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. थोड्यांना गर्भात, बऱ्याच जणांना प्रसूतीच्या वेळी आणि उरलेल्यांना अंगावरच्या दुधातून. १९९४ मध्ये झिडोव्हुडिन या औषधाने हे प्रमाण २५ टक्क्यांवरून सुमारे ८ टक्क्यांवर आणता येते, हे सिद्ध झाले. नंतर प्रसूतीच्या वेळी नेव्हिरॅपिनची एकच गोळी व बाळाला थेंब, असा स्वस्त मार्ग निघाला आणि २००२ पासून तो आपल्याकडील राष्ट्रीय कार्यक्रमात आला. १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत ए.आर.टी. मोफत मिळू लागली. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला, प्रतिकारशक्ती कितीही चांगली असो, तहहयात औषधे सुरू केली जातात. वेळेवर सुरू करून नियमित घेतली तर बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांखाली, उत्तम परिस्थितीत २ टक्क्यांच्याही खाली येते.

मग आजही बाधित बाळ का जन्मते? औषध नव्हते म्हणून क्वचितच. पहिल्या तिमाहीत नाव नोंदवले नाही. नोंदवले पण तपासणी करू दिली नाही. निदान झाले पण नवऱ्याला सांगण्याची हिंमत नव्हती. गोळ्या आणल्या पण त्या तांदळाच्या डब्यात लपवाव्या लागल्या आणि पाहुणे आले त्या दिवशी चुकल्या. बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथल्या डॉक्टरांना काही बोललीच नाही. यातली एकेक पायरी तपासून पाहावी. प्रत्येक ठिकाणी साखळी तोडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे लोकांना कळण्याची भीती. आपण कलंकाला रोगाचा सामाजिक परिणाम म्हणून प्रकरणाच्या शेवटी एक परिच्छेद देतो. माझ्या मते त्याची जागा संसर्गाच्या कारणांत आहे, विषाणूच्या लगेच खाली.

दुधाचेच पाहा. पूर्वी अशा मातांना बाळाला वरचे दूध देण्याचा सल्ला असे. शास्त्र म्हणून तो चुकीचा नव्हता. पण आपल्याकडे बाळंतीण अंगावर पाजत नाही हे दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीला समजते. आत्या विचारते, शेजारीण विचारते, सासू तर दुधासाठी डिंकाचे नि अळिवाचे लाडू घेऊन बसलेलीच असते. मग ती माता काय करी? चारचौघांत पाजी आणि एकांतात बाटली देई. आणि हेच मिश्र पोषण सर्वांत धोक्याचे, कारण वरच्या दुधाने आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. आता माता औषधांवर असेल तर पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान करावे, असाच सल्ला आहे. बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे नेव्हिरॅपिनचे थेंब आणि सहाव्या आठवड्यापासून कोट्रायमॉक्साझोल द्यायचे असते. टाचेतून रक्ताचे थेंब कार्डावर घेऊन विषाणूचीच तपासणी सहाव्या आठवड्यात होते आणि १८ महिने पूर्ण होईपर्यंत टप्प्याटप्प्याने तपासण्या चालू राहतात.

आता थोडे आपल्या व्यावसायिक बांधवांविषयी, रागावू नये. बाधित रुग्णाची सुई चुकून टोचली गेली तर एच.आय.व्ही.ची शक्यता १००० मध्ये सुमारे ३ असते. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता १०० मध्ये ३० पर्यंत जाऊ शकते. तरीही बी-बाधित रुग्णाचे अपेंडिक्स आपण निमूटपणे काढतो आणि एच.आय.व्ही.बाधिताला 'इंदूरला घेऊन जा' म्हणतो. हातमोजे, सुरक्षित सुया आणि निर्जंतुकीकरण ही पथ्ये प्रत्येक रुग्णासाठी सारखीच पाळायची असतात, कारण ज्याची तपासणी झालेली नाही असा बाधित रुग्ण आपण काल तपासलाही असेल. सुई टोचलीच तर शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत औषधे सुरू करून ती २८ दिवस घ्यावीत. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करणे, परवानगीविना निदान उघड करणे आणि उपचार, शिक्षण वा नोकरीत भेदभाव करणे बेकायदेशीर आहे. जोडीदाराला सांगण्याची मुभा डॉक्टरला काही अटींवर आहे; पण त्यामुळे स्त्रीला मारहाण होईल वा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर सांगू नये असे कायदा म्हणतो. हे कलम वाचताना मला तो जिना आठवला.

देशात आज सुमारे २५ लाख बाधित आहेत. प्रौढांमध्ये प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास. संख्येने महाराष्ट्र आघाडीवर आहे आणि आपले बुऱ्हाणपूर त्याला चिकटून आहे. रेल्वे, महामार्ग, यंत्रमागांच्या निमित्ताने भिवंडी-मालेगावशी येणे-जाणे, सारे किन्शासाच्या गोष्टीची आठवण करून देणारे. माझ्या माहितीतील काही कुटुंबे औषधे घेण्यासाठी मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात जातात. अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते, पण रांगेत ओळखीचे कोणी भेटत नाही.

ज्या मुलांचे आईबाप गेले त्यांचे काय झाले? काहींना आजी-आजोबांनी सांभाळले. इतरांसाठी पुण्यात विजयाताई लवाटे यांची 'मानव्य', पंढरपुरात मंगलताई शहा यांची 'पालवी', लातूर जिल्ह्यात हासेगाव येथे रवी बापटले यांचे 'सेवालय' उभे राहिले. या संस्थांचे कार्य थोरच आहे. पण सख्खे काका-मामा असताना मुलांना संस्थेत का यावे लागले, हाही प्रश्न आहे. हासेगावात २००९ मध्ये ही मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. ज्याला आपण वाळीत टाकणे म्हणतो, ते इतक्या जवळ घडले. आमटे आणि पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी वसाहती उभारल्याला तेव्हा अर्धशतक लोटले होते. पुढे बापटले यांनी मोठ्या झालेल्या मुलांसाठी वसाहत काढली आणि तिला नाव दिले 'हॅपी इंडियन व्हिलेज'. आद्याक्षरे वाचकांनी जुळवून पाहावीत.

मुलाला स्वतःला कधी सांगावे, हे पालक नेहमी विचारतात. शाळकरी वयात टप्प्याटप्प्याने सांगावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'तुझ्या रक्तातले सैनिक दमलेत, ही गोळी त्यांना बळ देते' एवढे पुरते. बाराव्या वर्षापर्यंत नाव कळलेले बरे. न सांगितलेली मुले चौदा-पंधराव्या वर्षी गोळ्या खिडकीतून फेकतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांना सांगितले, ती फेकत नाहीत असे नाही, पण निदान भांडायला माझ्याकडे येतात.

त्यांपैकी एक मुलगी लहानपणापासून माझ्याकडे येई, आजीचे बोट धरून. गेल्या वर्षी ती नवऱ्यासह आली, कडेवर दीड महिन्याचे बाळ घेऊन. नवऱ्याला लग्नाआधीच सर्व ठाऊक होते. तो बाधित नाही. तिची औषधे वर्षानुवर्षे नियमित आहेत, रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही. टाचेतून थेंब घेताना बाळ रडले, तीही थोडी रडली. तीन आठवड्यांनी अहवाल आला, बाळ निर्दोष होते. पुढची तपासणी सहाव्या महिन्यात होती. त्या तारखेच्या दोन दिवस आधीच ती दारात हजर होती.